पीआयडी टेंपरेचर कंट्रोलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये एक्स्ट्रुडरच्या (माल वितळवून साच्यातून ढकलणारं मशीन) चार झोनना, म्हणजे वेगवेगळ्या तापवायच्या भागांना, हे चार पीआयडी कंट्रोलर (ठरवलेलं तापमान राखायला हीटर चालू-बंद करणारे) बसवून आठ महिने झाले. ४८ बाय ४८ मिमीचा साइज, के टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे बारीकसं व्होल्टेज देणारा सेन्सर), रिले आउटपुट. आज मी हा कंट्रोलर घ्या म्हणून सांगेन, पण पहिल्या दोन महिन्यांत चारही काढून परत पाठवायच्या बेतात होतो.

तीन नंबर झोन १९० डिग्रीवर सेट. मधेच आकडा २१५, लगेच १७८, पुन्हा १९०. सप्लायरने एक पीस बदलून दिला, तोही तसाच नाचला. शेवटी रात्रपाळीला पॅनेलचं दार उघडून समोर उभा राहिलो. हीटरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, कंट्रोलर तो चालवतो) 'खट्' करून सुटला की नेमका त्याच क्षणी आकडा उडत होता. पकडताना काहीच होत नव्हतं.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट तुटतो तेव्हा मोठ्या व्होल्टेजचा झटका येतो. के टाइप थर्मोकपल मात्र एका डिग्रीला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतो. म्हणजे एक मिलिव्होल्टचा नॉइज घुसला तरी रीडिंग पंचवीसेक डिग्रीने हलतं. त्यात आमच्याकडे सेन्सरच्या वायरी हीटरच्या आणि ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणारं युनिट) मोटर केबलबरोबर एकाच डक्टमधून ओढलेल्या.

दोन गुरुवार सुट्टीचे त्यातच गेले. प्रत्येक कॉइलच्या टर्मिनलवरच १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर (तो झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला. सेन्सरची डक्ट वेगळी केली. जिथे पॉवर केबल ओलांडावीच लागते तिथे काटकोनात. सेन्सरच्या वायरीवरचं शील्ड (धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलेलं होतं, ते फक्त पॅनेलकडे ठेवलं. सोमवारी मशीन चालू केलं आणि आकडा १९० ला चिकटून बसला. इतकं बरं वाटलं!

एक नंबर झोनचं दुखणं वेगळंच. हीटर तापला की रीडिंग खाली जायचं. पिवळी-लाल केबल होती आणि वायरमनने लाल म्हणजे प्लस धरली होती. अमेरिकन कोडमध्ये पिवळी प्लस, लाल मायनस. हे वेळेवर दिसलं म्हणून बरं, कारण अशा वेळी कंट्रोलरला झोन गारच वाटतो आणि तो हीटर बंद करतच नाही. नवीन वायरिंग केलंत तर चालू करण्याआधी हे नक्की बघा.

सायकल टाइमही (हीटर चालू-बंद करण्याच्या एका फेरीचा वेळ) फॅक्टरीतून २ सेकंद आलेला. तो एसएसआरला (हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) ठीक, पण कॉन्टॅक्टर त्यावर लवकर खलास होतो. मी २० केला आणि मग ऑटोट्यून घेतलं, म्हणजे कंट्रोलरला त्याची सेटिंग स्वतः शोधू दिली.

तक्रार एकच. टर्मिनलचे स्क्रू फार बारीक आहेत, दोनदा काढले की खाच जाते.

शेजारी वेल्डिंग लागलं की दोन नंबरचा आकडा अजून दोन डिग्रीने हलतो. तिथला थर्मोकपल ग्राउंडेड टिपचा आहे, म्हणजे आतलं टोक बाहेरच्या धातूच्या नळीला जोडलेलं. इन्सुलेटेड टिपचा मागवलाय, येत्या गुरुवारी घालतो.