सवलत, हप्ता की बचतीत वाटा? वीजबचतीच्या तीन योजना शेजारी ठेवून

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी गेल्या महिन्यात मला तीन कागद पाठवले. पहिला : जुना पंखा किंवा एसी द्या, नवा सवलतीत घ्या. दुसरा : एलईडी दिवे आणि पंखे आज घ्या, पैसे हप्त्याने द्या. तिसरा एका ठेकेदार कंपनीचा : कॉमन एरियातले दिवे आणि पंप आम्ही बदलतो, तुम्ही एक रुपयाही घालायचा नाही, फक्त पाच वर्षं बचतीतले सत्तर टक्के आम्हाला द्यायचे. खाली एकच ओळ होती, "रविवारी कमिटीची मीटिंग आहे, कशावर सही करू?"

एनर्जी ऑडिटच्या कामात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत. ताईंना दोन ओळींत उत्तर देणार होतो, ते लांबत गेलं. हाच पेच नेरुळ, खारघर, कळव्यातल्या कमिट्यांपुढेही येतो, म्हणून ते सगळ्यांसाठी इथे मांडतो.

तिन्ही कागदांवर एक आकडा ठळक छापलेला असतो : वर्षाला इतके युनिट वाचतील. वापरलेली वीज मीटरवर दिसते. वाचलेली वीज कुठल्याच मीटरवर दिसत नाही. ती काढायची तर योजना आली नसती तर काय झालं असतं याचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज कोण बांधतं, कधी बांधतं आणि चुकला तर भुर्दंड कुणाला, हे तीन प्रश्न मी प्रत्येक कागदाला विचारतो.

जुनं द्या, नवं घ्या

हा तिघांतला सर्वांत सरळ व्यवहार. खाडीपलीकडे मुंबईत वीज कंपन्यांच्या अशा योजना बरीच वर्षं येत-जात आहेत. घरातला जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३० वॉट. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे जवळपास १७० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, म्हणजे सतराशे रुपये. ग्राहकाच्या बाजूने यात तोटा नाही.

वीज कंपनीच्या अहवालात मात्र दोन गळत्या असतात. जो माणूस दिवाळीला तसाही बीएलडीसी पंखाच घेणार होता, त्याने सवलत घेतली म्हणून जास्तीचं काहीच वाचलं नाही, पण त्याचे १७० युनिट योजनेच्या खात्यात जमा होतात. आणि दुसरी गळती म्हणजे जुना पंखा. माझ्या शेजाऱ्यांनी नवा पंखा घेतला आणि जुना साताऱ्याला गावच्या घरी ओटीवर लावला. तिथे आधी पंखाच नव्हता! त्यांच्या बाजूने ते योग्यच होतं, चालणारी वस्तू कोण टाकून देईल. पण हिशेबात बचत पूर्ण धरली गेली आणि विजेचा वापर थोडा वाढला. म्हणून जुनी वस्तू ताब्यात घेऊन मोडीत काढणारी योजना आणि केवळ कूपन देणारी योजना यांना मी एका मापाने मोजत नाही.

एसी असेल तर स्टारची चिठ्ठी नीट वाचा. १ जुलै २०२२ पासून एसीचे निकष कडक झाले, तेव्हा आधीचा पाच स्टार एसी नव्या तक्त्यात एक पायरी खाली आला. सवलतीच्या यादीत जुन्या साठ्यातला माल असू शकतो. स्टार किती यापेक्षा आयएसईईआरचा, म्हणजे एका युनिटमागे हंगामभरात एसी किती थंडावा देतो त्याचा, आकडा आणि लेबलवरचं वर्ष बघा. पंख्यांवरही १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे बाजारातला साधा नवा पंखासुद्धा पूर्वीपेक्षा बरा असतो. अहवालात तुलना अजून जुन्या ७५ वॉटशी केली असेल तर आकडा फुगलेला आहे असं समजा.

हप्त्याने

या प्रकाराचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलं. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली उजाला योजना. वीजबिलाच्या केंद्रावर ओळीत उभं राहून ते ९ वॉटचे दिवे घेतलेले पुष्कळ जण हे वाचत असतील. देशभरात ३६ कोटींहून जास्त दिवे गेले. २०१४ च्या सुरुवातीला एका दिव्याचा घाऊक खरेदीचा भाव ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरला.

या योजनेचं मोल ठरवताना फक्त वाटलेले दिवे मोजणं मला अपुरं वाटतं. तिने बाजारभाव पाडायला मोठा हातभार लावला, आणि मग ज्याने योजनेतून एकही दिवा घेतला नाही त्यानेही वाण्याकडून एलईडीच घेतला. हा परिणाम 'वाटलेले दिवे गुणिले वाचलेले वॉट' या गुणाकारात येत नाही. म्हणजे सवलतीच्या योजनेत आकडा फुगतो, आणि इथे उलट काही बाबतींत तो तोकडा पडतो. शिवाय दिवा संध्याकाळी जळतो, सगळ्या महाराष्ट्राची मागणी चढलेली असते तेव्हा. हल्ली दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, म्हणून संध्याकाळचा वाचलेला युनिट दुपारच्या युनिटपेक्षा मोलाचा आहे.

पण २०१५ मध्ये जे बरोबर होतं ते आज तसंच बरोबर असेल असं नाही. एलईडी आता कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळतो. आजच्या हप्त्याच्या कागदावर सगळे हप्ते बेरजेने लिहा आणि शेजारी बाजारभाव लिहा. वॉरंटीत बदलून देणारं केंद्र ठाण्यात नेमकं कुठे आहे तेही विचारा. या दोन्हीत कागद टिकला तर घ्यायला हरकत नाही.

बचतीत वाटा

खरी काळजी इथे हवी, कारण 'एक रुपया घालायचा नाही' हे वाक्य कमिटीत सर्वांत लवकर मंजूर होतं.

आमच्या सोसायटीने अशी सही केली होती. ठेकेदाराचं नाव घेत नाही. त्यांनी पंपाचा 'आधीचा वापर' म्हणून एका महिन्याचं बिल धरलं. त्या महिन्यात आमचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळत होता. रात्रभर वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खाली उतरायचं आणि पहाटे पंप तेच पाणी पुन्हा वर चढवायचा. पुढच्याच महिन्यात आमच्या प्लंबरने व्हॉल्व्ह बदलला, काही हजारांचं काम. बिल घसरलं, आणि ती सगळी घसरण करारानुसार नव्या पंपाची बचत ठरली. आमच्याच प्लंबरच्या कामाचे सत्तर टक्के आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्याला देत राहिलो. मी तेव्हा कमिटीत होतो आणि करार वाचूनही तो महिना मला खटकला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

ताईंच्या कागदावरचे आकडे मांडून बघू. कॉमन एरियात ८० जुन्या ट्यूब, चोकसह प्रत्येकी ५२ वॉट. जागी २० वॉटची एलईडी. रोज अकरा तास धरले तर एका ट्यूबमागे वर्षाला १२८ युनिट, ८० ट्यूबचे सव्वादहा हजार. कॉमन मीटरवर सगळ्या इमारतीचा सामाईक वापर एकत्र येतो, म्हणून तिथला वाचलेला युनिट बहुतेक वेळा वरच्या स्लॅबमधला असतो. युनिटला बारा रुपये धरू, तुमच्या बिलावर बघून दुरुस्त करा. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. ठेकेदाराचा वाटा पाच वर्षांत सव्वाचार लाखांवर जातो. आणि त्याचा खर्च? फिटिंग मजुरीसह एका ट्यूबला साडेतीनशे धरले तर अठ्ठावीस हजार. दुरुस्ती निधीतून हे काम केलं तर तीन-चार महिन्यांत पैसे वसूल. दिव्यांसाठी बचतीत वाटा देऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. त्यातल्या निम्म्या ट्यूब सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने एकेक करत आधीच एलईडी केल्या असतील तर ठेकेदाराची मूळ मोजणीच कोसळते.

पंपाचं वेगळं आहे. तिथे तांत्रिक जोखीम असते आणि ती दुसऱ्याने उचलली तर वाटा द्यायला हरकत नसावी. एक किलोलिटर (हजार लिटर) पाणी ४० मीटर चढवायला, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर ०.११ युनिट लागतो. जुना, झिजलेला पंपसेट मोटरसकट ३५ टक्के कार्यक्षम असेल तर ०.३१ युनिट. चांगला निवडलेला नवा सेट ५५ टक्क्यांवर ०.२० घेईल. रोज १५० किलोलिटर पाणी चढवणाऱ्या सोसायटीत हा फरक वर्षाला सहा हजार युनिट होतो, बहात्तर हजार रुपये. मात्र इथे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा असं कुणी सांगितलं तर थांबा. खालून वरची टाकी भरणं हे ठरावीक उंचीचं काम आहे, वेग कमी केल्याने त्यात फारसं वाचत नाही. पंपाच्या दाबाने थेट नळांना पाणी देणारी हायड्रोन्यूमॅटिक यंत्रणा असेल तर गोष्ट निराळी.

आणि करारात मोजमाप 'महिन्याचे युनिट' असं कधीच ठेवू नका. आपल्याकडे पाणी बारमाही सारखं येत नाही. नवी मुंबई महापालिकेला मोरबे धरण मिळालं म्हणून तिथे जरा बरं, पण कपात लागली की पंप कमी चालतो आणि बिल आपोआप उतरतं. ती पाणीटंचाई ठेकेदाराची बचत म्हणून मोजली जाते. मोजमाप एकच ठेवा : एका किलोलिटरला किती युनिट.

पैसे शेवटी कुणाचे

सवलतीची योजना 'कंपनी देते' असं आपण म्हणतो. वीज वितरण हा नियमन असलेला धंदा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी व्यवस्थापनाच्या, म्हणजे ग्राहकांचा वीजवापर आवरण्याच्या, योजना कशा राबवायच्या आणि त्या परवडतात का हे कसं तपासायचं यासाठी दोन स्वतंत्र विनियम केले. आयोगाने मान्य केलेला खर्च कंपनीच्या महसुली गरजेत मिळवला जातो आणि दरातून सगळ्या ग्राहकांकडून वसूल होतो. घोडबंदरच्या ताईंना मिळालेली सवलत अंशतः दिवा स्टेशनजवळच्या चाळीतला भाडेकरूही भरतो.

म्हणून तपासणीच्या चाचण्या वेगवेगळ्या आहेत. भाग घेणाऱ्याला परवडतं का? भाग न घेणाऱ्याचा दर वाढतो का? आणि दोघांना एकत्र धरून समाजाला परवडतं का? दुसरी चाचणी फार कडक आहे. वाचलेल्या युनिटमागे कंपनीची वीजखरेदी जेवढी वाचते त्यापेक्षा तिचा दर जास्त असेल, तर चांगली योजनाही तिथे नापास होते. मी तिसऱ्या चाचणीला जास्त वजन देतो, पण भाग घेणाऱ्यांत गरीब घरं किती आहेत हे बघितल्याशिवाय नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. शेतीपंपाचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी आहे आणि ती तूट उद्योग, व्यापारी व जास्त वापराच्या ग्राहकांकडून भरून निघते. म्हणून शेतीपंपावर वाचलेला युनिट वितरण कंपनीला फायद्याचा, वाशीच्या मॉलमध्ये किंवा तुमच्या वरच्या स्लॅबमध्ये वाचलेला युनिट उत्पन्न बुडवणारा. कॅलिफोर्नियाने १९८२ मध्ये वीज कंपनीचं उत्पन्न विक्रीपासून तोडून, म्हणजे कमी वीज विकली तरी मंजूर उत्पन्न मिळेल असं करून, ही अडचण सोडवायला घेतली होती. आपल्याकडे नंतरच्या ट्रू-अपमध्ये, म्हणजे मंजूर आणि प्रत्यक्ष आकड्यांचा मेळ घालताना, तूट पुढे ओढली जाते, पण कमी वीज विकण्याचा उत्साह त्यातून येत नाही. त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईच्या मध्यमवर्गीय सोसायटीने कंपनीच्या मोठ्या योजनेची वाट बघत बसू नये असं मला वाटतं. दरवाढीच्या जनसुनावणीत मात्र जरूर विचारा : बचतीचा आकडा तुम्ही स्वतः काढला की त्रयस्थाने, आणि योजना नसती तरी ज्यांनी वस्तू घेतली असती ते त्यातून वजा केले का?

ताईंना मी हे कळवलं : सभासदांनी सवलतीत पंखे जरूर घ्यावेत, जुने परत द्यावेत. हप्त्याचा कागद बेरीज करून मगच. दिवे स्वतःच्या पैशाने, याच महिन्यात. पंपाच्या करारावर रविवारी सही नको, आधी एनआरव्ही तपासा आणि पंपाला वेगळं सबमीटर लावा. पाण्याचं मीटर नसेल तर वरच्या टाकीची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, टाकीचा आउटलेट बंद करून पंप एक तास चालवा, पाणी किती मीटर चढलं ते बघा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे किलोलिटर. सबमीटरचे युनिट त्याने भागा. असं वेगवेगळ्या दिवशी चार वेळा करून आकडे वहीत लिहा, त्यावर वॉचमन आणि प्लंबर दोघांच्या सह्या घ्या आणि ते पान करारालाच जोडा.