फोटोवरून ओट्याचा फर्मा: आठ महिने वापरल्यानंतर

आमचं काम ग्रॅनाईटच्या ओट्यांचं. बेळगाव शहर, खानापूर तालुका आणि वरती निपाणीपर्यंत. बाबांच्या काळापासून माप घ्यायची रीत एकच होती: टेप, गुण्या, आणि कोपरा वाकडा असला तर पुठ्ठा कापून फर्मा, म्हणजे दगड कापायचा नमुना. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर फोटोवरून फर्मा काढायचं सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हापासून साठेक ओटे त्यावर केले. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण खाली सांगतोय ते या प्रकारच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहे.

पद्धत थोडक्यात अशी. ओट्याच्या काठाने आणि भिंतीलगत छापील खुणांचे ठोकळे मांडायचे, प्रत्येकावरची खूण वेगळी. मध्ये लांबी पक्की माहीत असलेली पट्टी ठेवायची. मग चारी बाजूंनी वीस-पंचवीस फोटो. एकच खूण वेगवेगळ्या फोटोंत कुठे दिसते यावरून सॉफ्टवेअर त्रिकोण सोडवतं आणि कटिंगसाठी डीएक्सएफ फाईल (कटिंगच्या मशीनला वाचता येणारा आराखडा) देतं. 1802 मध्ये लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तेच हे तत्त्व. तिथे आधाररेषा होती, इथे आपली पट्टी. ती चुकली की सगळा ओटा त्याच प्रमाणात चुकतो.

आमची पहिली मोठी चूक मात्र पट्टीची नव्हती. खानापुरात जांभ्या दगडाचं जुनं घर, एल आकाराचा ओटा, एक भुजा आठ फुटांची. दगड बसवला तर कोपऱ्यात चपखल, आणि आठ फुटांच्या टोकाला भिंत आणि दगड यांच्यात तीन सुतांची फट (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). लांबी दोन्ही तुकड्यांची बरोबर होती. घरच्या मावशी फटीत बोट घालून म्हणाल्या, "ह्यात झुरळं व्हतील की रे बाळा." तो तुकडा आम्ही पदरच्या पैशाने बदलून दिला.

रात्री फोटो परत काढून बघितले तेव्हा कारण दिसलं. आधी एका भुजेसमोर उभं राहून सगळे फोटो, मग दुसरीसमोर. दोन्ही भुजा एकत्र दिसतील असे फोटो फक्त दोन. त्यामुळे हिशेबात दोन भुजा कोपऱ्यात बिजागरीसारख्या हलल्या. कोनात पाव अंश इकडे-तिकडे झाला तरी आठ फुटांवर तीन सुतांहून जास्त फरक पडतो. म्हणून आता एल किंवा यू आकार असला की समोरच्या कोपऱ्यात उभं राहून, कधी स्टुलावर चढून, दोन्ही भुजा मिळून दिसणारे आठ-दहा फोटो आधी घेतो. प्रत्येक खूण निदान तीन-चार फोटोंत आली पाहिजे, आणि ते फोटो एकमेकांपासून चांगले लांबून, शक्य तर काटकोनाच्या आसपास फिरून घेतलेले हवेत. एकाच जागी उभं राहून दहा फोटो मारले तर खूण कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते माप कच्चंच राहतं. पट्ट्याही आता दोन ठेवतो, दोन भुजांवर एकेक. आणि शेवटी टेपने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा कर्ण मोजून वहीत लिहितो. पडद्यावरचा कर्ण त्याच्याशी जुळला नाही तर फाईल कटिंगला जात नाही. हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही.

भिंतीचं आमच्या जुन्या गवंडीमामांनी शिकवलं. मी खुणा दोन-दोन फुटांवर ठेवत होतो. मामा म्हणाले, "मधी भिंत सरळ हाय म्हणून कुणी सांगितलं तुला? ओळंबा सोडून बघ की." सोडला. गिलावा मध्यावर फुगलेला, आणि कोपऱ्यात गवंड्याने थापी फिरवून गोलाई सोडलेली. सॉफ्टवेअरला दोन खुणांमधलं काहीच दिसत नाही, ते सरळ रेष ओढतं. म्हणून आता फुटाफुटावर खूण, कोपऱ्याजवळ त्याहून दाट. आणि खूण ठेवायची ती दगडाची वरची कड भिंतीला जिथे टेकणार त्या उंचीवर. भिंत ओळंब्यात नसेल तर खाली घेतलेलं माप वर उपयोगाचं नाही. नव्या घरात ओटा आधी आणि टाईल्स नंतर, तिथे दोन सूत झाकून जातात. जुन्या टाईल्स तशाच ठेवून नुसता ओटा बदलायचा असेल तर एक सूतसुद्धा डोळ्यात भरतं.

आता पट्टीबद्दल. आमची ॲल्युमिनियमची, एक मीटरची. उन्हात गाडीवर राहिली आणि तापमान वीस अंशांनी चढलं तर ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते. तीन मीटरच्या ओट्यावर त्याचा दीड मिलिमीटर होतो. घरात पोचल्यावर ती सावलीत ठेवायची, मग ठोकळे मांडायला घ्यायचे, तोवर निवते. मापाची खूण कागदावर छापून वापरणार असाल तर छपाईच्या दुकानात "पानात बसवा" हा पर्याय बंद करायला सांगा, नाहीतर कागद गुपचूप लहान छापला जातो. छापून आल्यावर स्टीलच्या पट्टीने मोजून बघा. आणि पावसाळ्यात कागद ओल धरून वाढतो. आमच्याकडे खानापूरच्या बाजूला पाऊस लागला की दिवसेंदिवस उघडत नाही, त्यामुळे कागदी माप आम्ही सोडूनच दिलं.

चकचकीत टाईल्स आणि स्टीलचं सिंक यांत खुणेचं प्रतिबिंब पडतं, आणि सॉफ्टवेअर कधीकधी तेच खरं धरतं. वर्तमानपत्र पसरून झाका. फ्लॅश नको.

कॅमेरा शक्यतो एकाच लेन्सचा, झूम नसलेला. आम्ही फोकसची रिंग टेपने चिकटवून टाकली आणि त्यानंतर कॅलिब्रेशन केलं, म्हणजे त्या लेन्सचं गणित सॉफ्टवेअरला एकदा पक्कं करून दिलं. फोकस बदलला की लेन्सचं गणित बदलतं. मोबाईलवर घेत असाल तर तो आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारत नाही ना, हे बघा. कारागीर साईटवरून फोटो व्हॉट्सॲपने पाठवतात तेव्हा ते दाबून लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

तक्रार एक आहे आणि ती मोठी आहे. हिशेब इंटरनेटवर होतो. मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबीला, जांबोटीच्या आतल्या वाड्यांवर रेंज मिळेलच असं नाही. फोटो कमी पडले हे बेळगावला परतल्यावर कळतं, मग परत तेवढा रस्ता. दोनदा असं झालं. आता तिकडे गेलो की नेहमीपेक्षा पंधरा फोटो जास्त घेतो.

सॉफ्टवेअर मिलिमीटर बोलतं, गिऱ्हाईक फूट-इंच, आमचे कारागीर सूत. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. फाईलसोबत कागदावर तिन्ही मापं लिहून देतो, तोंडी सांगत नाही.

वर्षाचं लायसन्स संपलं की परत घेणार आहे. पुठ्ठा मात्र गाडीत असतोच. खिडकीच्या कट्ट्याला जिथे कॅमेरा शिरत नाही, तिथला फर्मा अजून कात्रीनेच निघतो.