कामगंध सापळे वापरून बघितले, तीन वाणांच्या कापसात (साडेतीन स्टार)

आमचं रान कर्नाटकात, अथणी तालुक्यात, खाली कृष्णेच्या अंगाला सगळा ऊस आणि वर काळ्या कोरडवाहू रानात कापूस. कन्नडात कापसाला हत्ती म्हणतात, त्यामुळं दुकानदार अण्णा 'हत्तिगे इदु ओळ्ळेदु' म्हणाला की पुण्याचा आमचा पाव्हणा दचकतो, हत्तीला काय चांगलं म्हणून.

तर गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीचे सापळे घेतले, ते नरसाळ्याचे, खाली लांब पिशवी असते तसले. एकरी दोन लावले, पिकाच्या शेंड्याच्या वर फूट-दीड फूट. आत ल्यूर म्हणजे मादीच्या वासाची बारकी गोळी, त्या वासावर फक्त नर पतंग येतात आणि पिशवीत पडतात. इथंच लोकांचा घोळ होतो. सापळा लावला की अळी संपली असं समजून बसायचं आणि मग एक स्टार द्यायचा, तसं नाही हो, एकरी दोन सापळे म्हणजे राखणदार, मारणारा नव्हं. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की मग फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही.

आता वाणांचं सांगतो, कारण माझ्याकडं तीन होती म्हणूनच हे लिहायला बसलो. डीसीएच ३२, धारवाडला तयार झालेलं, लांब धाग्याचं, भाव बरा पण तुडतुड्यांचं, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारक्या किडीचं, माहेरघर. पानं कडेनं पिवळी मग लाल होऊन खाली वळायला लागली. आणि ते बीटी नाही, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असतं तसलं नाही, त्यामुळं ठिपक्याची, अमेरिकन, गुलाबी सगळ्या अळ्या पंगतीला. दुसरं बीटी, ते पानावर लव असलेलं, तुडतुडे तिथं कमी कारण त्यांना शिरेत अंडी घालायला लव आडवी येते, पण त्याच लवेत पांढरी माशी मजेत बसते, पानं चिकट होऊन वर काळी बुरशी. बीटी म्हणजे रस शोषणाऱ्या किडीलाही चालतं असं अजून बरेच जण धरून चालतात, ते अळीपुरतंच आहे. तिसरं बांधाकडच्या पट्ट्यात जयधर, आपलं जुनं देशी, उशिरा पेरलेलं. त्याला मावा-तुडतुड्याचा त्रास जवळजवळ नाही, पण उतारा कमी आणि धागा आखूड, व्यापारी बघून तोंड वाकडं करतो.

गंमत म्हणजे डीसीएच आणि बीटी दोन्हीकडच्या सापळ्यांत पतंग जवळपास सारखेच पडत होते. पतंग काय वाण बघून येत नाही. बीटीत अमेरिकन अळी दिसली नाही हे खरं, पण गुलाबी दसऱ्यानंतर तिथंही घुसली, दोन जनुकांचं बीटी, बॉलगार्ड-२, २००६ ला आलं आणि आता गुलाबी त्याला दाद देत नाही. म्हणून नुसते पतंग मोजून भागत नाही, हिरवी बोंडं फोडून बघायलाच लागतं, कारण अळी आत गेली की भोक बुजतं आणि बोंड बाहेरून एकदम झ्याक. वीस बोंडं फोडली, डीसीएचला पाच किडकी, बीटीला दोन. वीसात दोन म्हणजे फवारायची वेळ झालीच.

बाकी अण्णानं सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातलं एक कडक कीटकनाशक हातात दिलं होतं, 'मारा, सगळं जातंय'. नाही मारलं ते बरं झालं, शेजारी मामांनी मारलं आणि त्यांच्याकडं पांढऱ्या माशीचा नुसता धूर. मामा वर आणि उसाचा खोडवा ठेवल्यागत मार्चपर्यंत कापूस उभा ठेवतात, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जळणाला घराशेजारी रचतात, मग त्यात राहिलेली गुलाबी अळी परत माझ्याच रानात येणार की.

दीड स्टार कापला तो असा: पिशवी वाऱ्यानं फाटते, आणि पाकिटावरची माहिती एवढी बारीक की तंबाखूचा हात न धुता ल्यूर लावू नये हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते आणि ऑक्टोबरात नेमकी दुकानात मिळत नाही, तेव्हा सापळ्याबरोबरच जास्तीच्या घेऊन फ्रीजमध्ये ठेवा, फक्त घरात सांगून ठेवा, आमच्याकडं एक पाकीट खराब औषध म्हणून उकिरड्यावर गेलं.