१२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर: पाच मजली व्यापारी इमारतीला दिवसा पुरेसा, रात्री नको

तळमजल्यावर दुकानं, पहिल्या मजल्यावर बँकेची शाखा, वर पॅथॉलॉजी लॅब आणि त्यावर ऑफिसं. पुणे-पिंपरीत अशा इमारती पावलोपावली आहेत. त्यांच्यासाठी जनरेटरचं कोटेशन मागवलं की पुष्कळदा २५० केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) आकडा समोर येतो. विक्रेत्याचा हिशोब सरळ असतो: सगळ्या गाळ्यांचा मंजूर भार २०० किलोवॅट, त्याला ०.८ ने, म्हणजे पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष किलोवॅटचा वाटा), भागलं की २५०. हा हिशोब चुकीचा आहे. मंजूर भार म्हणजे महावितरणकडे नोंदवलेली परवानगी, एका वेळी खरंच लागणारी वीज नव्हे. इतका मोठा सेट घेतला तर जास्तीचे पैसे जातातच, शिवाय इंजिनही खराब होतं.

अशा इमारतीला १२५ केव्हीएचा सेट योग्य आहे. किर्लोस्कर, कमिन्स, महिंद्रा पॉवरॉल या सगळ्यांकडे हा आकार मिळतो आणि हिशोब तिन्हींना सारखाच लागू पडतो. १२५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला १०० किलोवॅट.

भाराची बेरीज अशी होते. साडेसात किलोवॅटच्या दोन लिफ्ट, दोन्ही एकदम भरून वर जात आहेत असं धरून १५. पाण्याचा ५ एचपीचा एक पंप ४.५. जिने, पार्किंग, सीसीटीव्ही मिळून ४. बँक, लॅब आणि ऑफिसं यांचे यूपीएस एकूण ४० केव्हीएचे असले तरी ते ६० टक्क्यांच्या आसपास भरलेले असतात. बॅटरी परत चार्ज होण्याची वीज धरून त्यांचे २८. दीड टनाचे २० इन्व्हर्टर एसी, सगळे कॉम्प्रेसर एकदम पूर्ण ताकदीने चालत नाहीत म्हणून २०. उरलेले दिवे, पंखे, फ्रिज ८. एकूण ७९.५ किलोवॅट, म्हणजे सेटच्या ८० टक्के. डिझेल इंजिनाला ७० ते ८० टक्के भार सर्वांत मानवतो.

हे कागदावरचं झालं. पडताळ्यासाठी महावितरणच्या बिलांवरची नोंदलेली कमाल मागणी गेल्या बारा महिन्यांची काढा आणि त्यातला मे महिना धरा. ज्या गाळ्यांच्या बिलावर हा आकडा नसतो, त्यांच्या मुख्य केबलवर आठवडाभर पॉवर अ‍ॅनालायझर (वीजवापर सतत नोंदवणारं यंत्र) लावावा लागतो. सोमवारची सकाळ त्यात आलीच पाहिजे; सगळी ऑफिसं एकाच तासात सुरू होतात ती तेव्हा. मात्र कमाल मागणी ही काही मिनिटांची सरासरी असते. मोटर सुरू होतानाचा झटका तिच्यात दिसत नाही, आणि जनरेटरची खरी परीक्षा त्या झटक्यातच असते.

या इमारतीतली सर्वांत जड मोटर म्हणजे गच्चीवरचा आगीचा पंप, १५ एचपी. चालू असताना तो १५ केव्हीएच्या आसपास घेतो. डायरेक्ट ऑनलाइन स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) सुरू होताना सहापट, म्हणजे ९० केव्हीए. स्टार-डेल्टावर (आधी कमी व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरवर) याचा तिसरा हिस्सा, ३० केव्हीए. १२५ केव्हीएच्या अल्टरनेटरवर (सेटमधल्या वीज तयार करणाऱ्या भागावर) ९० चा झटका बसला तर व्होल्टेज १० ते १३ टक्के खाली जातं; तेवढं चालतं. ६२.५ केव्हीएच्या सेटवर तोच झटका २० टक्क्यांवर नेतो. मग कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) खडखडायला लागतात, लिफ्टचा ड्राइव्ह ट्रिप होतो आणि यूपीएस बॅटरीवर जातात. म्हणून अल्टरनेटरच्या माहितीपत्रकातला मोटर-स्टार्टिंगचा आलेख मागून घ्या. लिफ्ट व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हच्या (व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी बदलून मोटर हळूहळू सुरू करणाऱ्या) असतील तर त्यांचा झटका दीडपटीच्या आसपासच असतो. जुन्या दोन-स्पीड लिफ्ट असतील तर वरचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

इंजिनाचीही मर्यादा आहे. टर्बोचार्ज्ड इंजिन एका दमात पूर्ण भार उचलत नाही, पहिल्या टप्प्यात साधारण ५० ते ६० टक्के घेतं. वीज गेली की एएमएफ पॅनेल दहाएक सेकंदांत सेट सुरू करतं. त्याच क्षणी सगळे एसी, पंप आणि यूपीएस एकदम पडले तर फ्रीक्वेन्सी कोसळते. टायमर लावून क्रम ठरवा: आधी दिवे आणि यूपीएस, मग लिफ्ट, ३० सेकंदांनी पाण्याचा पंप, त्यानंतर एसी दोन तुकड्यांत. आगीचा पंप सुरू झाला की एसी आणि ऑफिसांचा भार आपोआप सुटेल अशी व्यवस्था करून घ्या. मग आगीचा पंप धरूनही एकूण भार ६४ किलोवॅटवर येतो. एवढ्या जोडणीने पुढच्या आकाराचा, १६० केव्हीएचा, खर्च वाचतो.

आता रात्र. आठनंतर उरतात सामाईक दिवे, एटीएम, लॅबचे फ्रिज आणि एखादा सर्व्हर: फार तर १० किलोवॅट. १२५ केव्हीएवर हा १० टक्के भार झाला, २५० वर अवघा ५. तीस टक्क्यांखाली डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही. अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं, टर्बोभोवती चिकटा धरतो. जुनी इंजिनं हे काही वर्षं सोसायची. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी-४ प्लस निकषांची इंजिनं ते सोसत नाहीत. या आकारात बहुतेकांच्या एक्झॉस्टमध्ये एससीआर, म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा, असतं. त्यात युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, फवारलं जातं आणि एक्झॉस्ट २०० अंशांच्या वर तापलेला नसेल तर युरियाचे पांढरे खडे जमून नोझल तुंबतं. कंट्रोलर आधी इशारा देतो, मग ताकद कमी करतो. जिथे काजळीचा फिल्टर आहे तिथे तो स्वच्छ व्हायलाही उष्णता लागते. मोठा सेट घेतला की पुढे चालेल, हा जुना सल्ला या इंजिनांच्या बाबतीत सोडून द्यायला हवा.

म्हणून रात्रीसाठी २५ केव्हीएचा वेगळा छोटा सेट घ्या. १० किलोवॅट म्हणजे त्याचा निम्मा भार. वीज रात्री तास-अर्ध्या तासापेक्षा जास्त जात नसेल, तर बॅटरी वाढवून यूपीएसवरच भागवा. डिझेलचा फरकही लक्षात घ्या. ८० किलोवॅटवर १२५ केव्हीए तासाला २१-२२ लिटर पितो, म्हणजे युनिटला पाव लिटरहून थोडं जास्त. दहा किलोवॅटवर तोच सेट युनिटमागे दुपटीच्या घरात जातो. डीईएफ डिझेलच्या साधारण ५ टक्के धरा. ते सावलीत ठेवा, उन्हात लवकर बिघडतं.

बसवताना जिथे हमखास चुकतं, त्या काही गोष्टी. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीत ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ मिळवून काढतात. १२५ साठी ही भर सव्वादोन मीटर येते, म्हणजे २० मीटरच्या इमारतीला धुराडं २२.२५ मीटर. इतक्या लांब पाइपात मागचा दाब वाढतो. इंजिनाच्या तोंडाचाच व्यास वरपर्यंत नेला तर इंजिन गुदमरतं. व्यास वाढवावा लागतो आणि वळणं कमी ठेवावी लागतात. चेंजओव्हर (महावितरण आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणारा स्विच) चार पोलचाच हवा, नाहीतर दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र राहतात. अर्थिंगचे खड्डे चार: दोन न्यूट्रलला, दोन बॉडीला. विद्युत निरीक्षकांची मंजुरी काम सुरू करण्याआधीच ठेकेदाराच्या कामात लिहून घ्या.

एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर सुधारणारं) जनरेटरवर आपोआप बंद झालं पाहिजे. कपॅसिटर चालू राहिले आणि भार हलका असला की अल्टरनेटरचं व्होल्टेज वर चढतं आणि एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) हातात राहत नाही. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. सौर इन्व्हर्टर जनरेटरला ग्रिड समजून वीज ढकलतो, सेटवरचा भार शून्याजवळ जातो, कधी उलटा प्रवाह जाऊन ट्रिपिंग होतं. सेटवर किमान ३० टक्के भार राखणारा कंट्रोलर हवाच. यूपीएस जुन्या थायरिस्टर रेक्टिफायरचे असतील तर हार्मोनिक्समुळे (विजेच्या लहरीतल्या विकृतीमुळे) अल्टरनेटर यूपीएसच्या दुप्पट धरावा लागतो. नव्या आयजीबीटी प्रकाराला सव्वा ते दीडपट पुरतो.

कोटेशनमध्ये नुसतं १२५ केव्हीए लिहून भागत नाही. ते प्राइम रेटिंग (नियमित चालवण्यासाठीचं) आहे की स्टँडबाय (फक्त वीज गेल्यावर वापरण्यासाठीचं), हे लिहून घ्या. प्राइमला बारा तासांत एक तास १० टक्के जादा भार चालतो, स्टँडबायला मुळीच नाही. स्वस्तातलं कोटेशन कधी कधी त्यामुळेच स्वस्त असतं. रेटिंग कोणत्या तापमानाला दिलं आहे तेही विचारा. पुण्याला ४० अंशांचं चालून जाईल, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात नाही. तिथे ५० अंशांचा रेडिएटर मागा.

ताबा घेताना लोड बँक (चाचणीपुरता कृत्रिम भार देणारं उपकरण) लावून एक तास पूर्ण भारावर सेट चालवून दाखवायला सांगा आणि दर दहा मिनिटांनी व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, पाण्याचं तापमान, तेलाचा दाब लिहून ठेवा. आवाज बंद कॅनॉपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत यायला हवा. नंतर महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान एक तृतीयांश भारावर सेट चालवा. आपल्याकडे देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद असते, तो दिवस यासाठी सोयीचा आहे. दर आठवड्याला पाच मिनिटं रिकामा फिरवण्याची पद्धत इंजिनाला बाधते, आणि त्यात बॅटरीही नीट भरत नाही. सेट सुरू न होण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा बॅटरीच असतं. तिचा फ्लोट चार्जर (बॅटरी सतत भरलेली ठेवणारा) महावितरणच्या विजेवर कायम जोडलेला आहे का, हे दर महिन्याला बघा.