आर्क्टिक देखाव्याचा तयार संच: अस्वल उत्तम, बाकीचं तपासून घ्या

शाळेच्या प्रकल्पांसाठी नाशिकच्या मेनरोड, शालिमार भागात मिळणाऱ्या या संचात थर्माकोलचा बर्फ, प्लास्टिकचं ध्रुवीय अस्वल, दोन पिल्लं, एक सील आणि चार पेंग्विन येतात. पेंग्विन आधी काढून ठेवा. ते दक्षिण गोलार्धातले, अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. परीक्षकांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

अस्वल मात्र खरंच छान आहे. लांब मान, छोटे कान, रुंद पंजे. आपल्याकडच्या काळ्या अस्वलाला पांढरा रंग फासल्यासारखं ते वाटत नाही. नाक काळं आहे, तेही बरोबर. केसांखालची त्वचाही काळीच असते, केस रंगहीन आणि आतून पोकळ. हे फलकावर लिहाच.

खरी उणीव बर्फात आहे: छिद्रच नाही! रिंग्ड सील (आर्क्टिकमधली सीलची एक जात) पुढच्या नख्यांनी बर्फात श्वासाची छिद्रं उघडी ठेवतो आणि अस्वल तिथेच दबा धरून बसतं. पेन्सिलीने एक छिद्र पाडा, सील त्यात अर्धा बसवा, अस्वलाचं तोंड तिकडे वळवा. पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या गुहेत जन्मतात, तेव्हा जेमतेम सहाशे ग्रॅमची. बाहेर येतात मार्च-एप्रिलमध्ये, दहा-बारा किलोची होऊन. संचातली पिल्लं फारच चिमुकली आहेत, त्यामुळे ती गुहेतच शोभतील. गुहा कापसाची करा.

चिकटवायला पांढरा फेविकॉल घ्या आणि रात्रभर वाळू द्या. रबरी गोंदातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.