अवेटिलिटी: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या जावा प्रोजेक्टमधल्या टेस्टमध्ये जिकडेतिकडे थ्रेड.स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबायला लावणारी सूचना) होतं. इव्हेंट (काहीतरी घडल्याचा संदेश) सोडायचा, दोन सेकंद झोपायचं, मग असर्ट, म्हणजे निकाल बरोबर आहे का ते तपासणारी ओळ. लॅपटॉपवर हिरवं (पास), सीआय सर्व्हरवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, लहर लागेल तसं. लाल (नापास) दिसलं की कुणीतरी दोनाचे तीन करायचं. एका टेस्टची झोप अशीच वाढत वाढत पंधरा सेकंदांवर गेली होती.

अवेटिलिटी ही अशा टेस्टसाठीची जावा लायब्ररी. ती झोपत नाही, विचारत राहते. दर 100 मिलिसेकंदांनी अट तपासते आणि ती खरी ठरली की लगेच पुढे जाते. डीफॉल्ट मुदत 10 सेकंदांची, पण तेवढा वेळ जातो तो फक्त टेस्ट पडताना. त्यामुळे मुदत सढळ ठेवायला आता हात आखडत नाही.

खरी गंमत जुन्या टेस्ट बदलताना झाली. एके ठिकाणी काउंटडाउनलॅच (दुसऱ्या थ्रेडचं, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाचं, होईपर्यंत थांबवणारं जावाचं साधन) होता आणि असर्ट लिसनरच्या, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडच्या, आत. लॅचचं अवेट मुदत संपल्यावर एक्सेप्शन (कोड थांबवणारी त्रुटी) टाकत नाही, नुसतं फॉल्स परत करतं, आणि ते कुणी बघतच नव्हतं. इव्हेंट येत नव्हता, म्हणून लिसनर चालत नव्हता, म्हणून असर्टही नाही. टेस्ट कित्येक महिने हिरवीगार! असर्ट चालून पडला असता तरी तो दुसऱ्या थ्रेडवर, टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटला त्याचा पत्ताही लागला नसता.

अंटिल आणि अंटिलअसर्टेड या अवेटिलिटीच्या दोन मेथडमधला फरक मला उशिरा उमगला. अंटिलला साधी बूलियन (खरी-खोटी) अट दिली, तर मुदत संपल्यावर अट पूर्ण झाली नाही एवढंच कळतं. अंटिलअसर्टेड शेवटच्या असर्टचा संदेश दाखवतं: तीन हवे होते, दोन आले. मात्र ते पुन्हा प्रयत्न करतं ते असर्शन फसल्यावरच. आत नलपॉइंटरसारखं दुसरं एक्सेप्शन उडालं तर खेळ तिथेच खलास. इग्नोरएक्सेप्शन्स लावून ते दडपता येतं. मी एकदा दडपलं, आणि खरा बग दोन दिवस लपून राहिला.

सगळ्यात अवघड म्हणजे 'इव्हेंट येऊ नये' ही टेस्ट. 'संख्या शून्य आहे' अशी अट दिली तर ती पहिल्याच तपासणीत पास, कारण अजून काही घडलेलंच नसतं. अवेटिलिटीत ड्युरिंग आहे, ते अट ठरावीक काळ टिकते का ते बघतं, पण तेवढा वेळ दर वेळी मोजावा लागतो. इव्हेंटची रांग क्रमाने चालत असेल तर आम्ही मागून एक खुणेचा इव्हेंट सोडतो. तो पोचला की आधीचा आला नाही हे बघायचं. जलद आणि खात्रीचं.

आपल्याच कोडमधला टाइमआउट तपासायला मात्र अवेटिलिटीचा उपयोग नाही. तीस सेकंदांनी रीट्राय होतो का, हे बघायला कुणी तीस सेकंद बसून राहायचं? तिथे घड्याळ आणि शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा भाग) बाहेरून द्यावे लागतात आणि टेस्टमध्ये वेळ हाताने पुढे ढकलावी लागते. आमचे दोन क्लास अजून थेट सिस्टीमचं घड्याळ बघतात. त्यांच्या टेस्टमध्ये स्लीप आजही आहे.