ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी ६७,९९८ रुपये गेले

आधीच सांगतो, मी काही लॉटरीच्या नादाला लागलो नव्हतो, कुठल्या पोलिसाच्या व्हिडीओ कॉललाही घाबरलो नव्हतो. मला फक्त स्कूटरची नंबर प्लेट बदलायची होती. तीच ती एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, १ एप्रिल २०१९ च्या आधी रजिस्टर झालेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात सक्तीची केलेली. माझी अ‍ॅक्टिव्हा २०१३ ची, एमएच १२, त्यामुळे बसवणं भागच होतं, पण मुदत सारखी वाढत होती, ३१ मार्च २०२५ ची ३० एप्रिल झाली, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, आणि आपण पुणेकर, शेवटच्या आठवड्याशिवाय हलणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की १ तारखेपासून चौकाचौकात पकडणार. लगेच ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर सर्च केलं आणि सगळ्यात वर आलेल्या लिंकवर टॅप केलं. त्या लिंकच्या डोक्यावर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती, हे मला नंतर भाच्याने दाखवलं. साईट अगदी सरकारी वाटावी अशी, वर तीन सिंह, खाली सरकत जाणारी मराठी पट्टी, त्यात शुद्धलेखनाच्या चुका (त्यामुळे तर जास्तच सरकारी वाटली). गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे, मोबाईल नंबर, सगळं भरलं. रक्कम आली ५३१ रुपये. दुचाकीचा खरा दरच तेवढा आहे, ४५० अधिक १८ टक्के जीएसटी, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं. जास्त मागितले असते तर मी थांबलो असतो.

क्यूआर स्कॅन केला तेव्हा पैसे कुणाला जातायत तिथे कसलं तरी एंटरप्रायझेस असं नाव आलं. मी ते वाचलं. वाचलं आणि म्हटलं असेल कुणी कॉन्ट्रॅक्टर, आणि पिन टाकला. ते अर्धं सेकंद आता रोज आठवतं.

रिसीट आली नाही. दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी फोन आला, मुलगा हिंदी-मराठी मिसळून बोलत होता, सर तुमची अपॉइंटमेंट पेंडिंग दिसतेय, पेमेंट आलंय पण स्लॉट कन्फर्म झाला नाही. आणि त्याने माझा गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, ५३१ रुपये कधी भरले, सगळं धडाधड सांगितलं. आता मीच फॉर्ममध्ये भरलेली माहिती मलाच वाचून दाखवत होता हे त्या क्षणी डोक्यात येत नाही हो. वाटतं की एवढं माहितीये म्हणजे ऑफिसातलाच माणूस. उलट मीच त्याच्यावर वैतागलो की दोन दिवस झाले रिसीट का नाही, आणि तो सॉरी सर सॉरी सर करत राहिला.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर रिसीटची फाईल पाठवली. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती रिसीट नव्हती, फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाईल होती. पीडीएफ आणि एपीके यात फरक असतो हे मला माहीत होतं, नाही असं नाही, पण मी गाडी काढायच्या घाईत होतो, एका हातात हेल्मेट. फोनने इशारा दिला की ही फाईल धोकादायक असू शकते. त्याला सांगितलं तर म्हणतो सरकारी अ‍ॅप आहे सर, प्ले स्टोअरवर अजून चढवलं नाही, खाली तरीही इन्स्टॉल करा असं येईल ते दाबा. दाबलं. मग फोनने विचारलं, या अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी द्यायची का, हो. हे डिफॉल्ट मेसेज अ‍ॅप करायचं का, हो. मग व्हेरिफिकेशनसाठी ५ रुपये, त्यासाठी डेबिट कार्डचा नंबर, एक्स्पायरी आणि मागचे तीन आकडे. तेही भरलं. इथे तुम्ही कपाळावर हात मारला असेल, बायकोनेही मारला होता. पण बघा, पाचच रुपये होते, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की ओटीपी सांगितला नाही तर काही होत नाही. मध्यंतरी कितीतरी महिने कुणालाही फोन लावला की आधी अमिताभचा आवाज ऐकावा लागायचा, त्यात ओटीपी कुणाला सांगू नका असायचंच. पाठ झालेलं. तो मुलगाही फोन ठेवताना म्हणाला, सर कुणाला ओटीपी सांगू नका हं. खरंच म्हणाला.

शनिवारी काही झालं नाही. म्हणजे मला वाटलं काही झालं नाही.

रविवारी, ३० तारखेला, मंडईत मेथीची जुडी घेतली, २० रुपये. पेमेंट फेल, खात्यात पुरेशी रक्कम नाही. परत केलं, परत तेच. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या नेटवर्क नसंल, द्या उद्या. आदल्याच दिवशी पगार जमा झाला होता. तिथेच पोत्याशेजारी उभं राहून बॅलन्स बघितला, १४ रुपये. रात्री २ वाजून १० मिनिटांनी २४,९९९, परत २४,९९९ आणि मग १८,०००. मेसेज एकही नाही. ओटीपीचे मेसेज आले होते, पण ते त्या अ‍ॅपने वाचले, तिकडे पाठवले आणि माझ्यापासून लपवले, कारण मेसेजचं डिफॉल्ट अ‍ॅप तेच होतं आणि तसं मीच करून दिलेलं. बँकेचा मेलही आला होता, तो ऑफर्सच्या ढिगाऱ्यात पडलेला.

मग जे केलं त्यातलं एक बरोबर, एक चूक. बरोबर म्हणजे फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाकला आणि बायकोच्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला लावला. चौथ्या वेळी लागला. बाईंनी बँकेचं नाव, खातं, तिन्ही व्यवहारांचे नंबर विचारले आणि तक्रार नंबर दिला, त्यावर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर बाकीची माहिती भरायची. चूक म्हणजे हे करायच्या आधी पाऊण तास मी बँकेच्या कस्टमर केअरला क्रेडिट कार्डसाठी १ दाबा, कर्जासाठी २ दाबा ऐकत बसलो. कार्ड ब्लॉक करायला त्यांच्या अ‍ॅपमध्ये साधं बटण होतं, फोन एअरप्लेन मोडवर टाकायच्या आधी तेही दाबून झालं असतं. भाच्याने संध्याकाळी येऊन सांगितलं की अ‍ॅप नुसतं काढून भागत नाही, फोन फॅक्टरी रीसेट कर, आणि त्याआधी ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद कर. मुलीचे तीन वर्षांचे फोटो गेले, बॅकअप नव्हता. त्याचं दुःख पैशांपेक्षा जास्त झालं बायकोला.

सोमवारी बँकेत. काउंटरवरच्या मॅडमचा पहिला प्रश्न, ओटीपी शेअर केलात का? नाही. मग कसे गेले? मी म्हटलं तेच तर विचारायला आलोय. त्यांचं म्हणणं, सिस्टीममध्ये ओटीपी बरोबर टाकलेला दिसतोय म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी घरून वाचून गेलो होतो, की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, बाहेरच्या कुणाची असेल, तर कामाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकावर शून्य बोजा. पण त्याच नियमात हेही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मॅडमनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, मी पहिलीवर. अर्ज मात्र मी लेखी दिला आणि त्याची पोच शिक्का मारून घेतली, त्या नुसतं तोंडी सांगून जा म्हणत होत्या.

आजची स्थिती अशी की २४,९९९ च्या दोन्ही व्यवहारांतून गिफ्ट व्हाउचर घेतले गेले आणि सकाळ व्हायच्या आत वापरलेही गेले, १८,००० एका वॉलेटमध्ये अडकवून ठेवलेत, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं पोलीस स्टेशनात सांगितलं. ५३१ चं तर कुणी नावही घेत नाही.

आणि ज्या ३० नोव्हेंबरसाठी धावपळ केली ती मुदत पुढे ३१ डिसेंबर झाली!

खरी प्लेट नंतर बसवली. परिवहन खात्याच्या साईटवरून सुरुवात करायची, आरटीओ कोड निवडायचा, मग ज्या कंपनीकडे तो भाग आहे तिच्या साईटवर नेतात, आणि गंमत म्हणजे तिच्या पत्त्यात गव्ह डॉट इन नसतंच. मग साध्या माणसाने खरी कुठली खोटी कुठली ओळखायचं कशावरून? मी तरी आता सर्च करतच नाही, पत्ता स्वतः टाइप करतो. अ‍ॅप कुठलंच लागलं नाही. सेंटरवर नुसती अपॉइंटमेंटची रिसीट दाखवली आणि दहा मिनिटांत पोराने प्लेट ठोकून दिली.

परवा परत फोन आला. सायबर रिकव्हरी सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, १,४९९ फाईल चार्ज. या वेळचा मुलगा अस्सल मराठी बोलत होता, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं. बँकेत आकडा मला दोनदा सांगावा लागला होता, याने मी न विचारता सांगितला, सदुसष्ट हजार नऊशे अठ्ठ्याण्णव.